भिंतीआडची फियाट

१

कार्बोरेटरची गाडी नुसत्या कानानं सुरात लावणारा राहात्यात आता मी एकटाच उरलोय. नव्या मिस्त्रींना लॅपटॉप लागतो. गाडीला वायर जोडायची आणि पडद्यावर काय उमटतं ते वाचायचं. मला लागतो एक लांब स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की कुठलं सिलिंडर रडतंय ते कळतं. लोक मला कल्याण मिस्त्री म्हणतात आणि तोंडाचा फाटका म्हणतात. दोन्ही खरं आहे.

हे काम एकट्याचं नाही. बोनेट उघडलं की समोरची काच पूर्ण झाकली जाते. आत बसून ॲक्सिलरेटर दाबणारा माणूस आपल्याला दिसत नाही आणि इंजिनाच्या आवाजात हाकही पोचत नाही. म्हणून आमच्यात ठोके ठरलेले. मडगार्डवर पान्ह्याचा एक ठोका म्हणजे रेस दे, दोन म्हणजे सोड, तीन म्हणजे बंद कर. गेली बावीस वर्षं आत माझी बायको सविता बसते. गड्यांपेक्षा तीच बरी, निदान मध्येच मोबाईल काढत नाही.

पण पाय मात्र तिला कधी जमला नाही. ठोका पडला की क्षणभर उशीर, आणि मग पडायचा तो धसकन. इंजिन एकदम किंचाळायचं आणि माझा सगळा हिशेब चुकायचा.

"सविते, पाय हाय का उखळातलं मुसळ?" मी बोनेटखालून ओरडायचो. चार लोकांसमोरही ओरडायचो. पुढच्या ठोक्याला परत तेच.

२

माघ महिन्यात कोपरगावहून फोन आला. दमयंतीबाई नावाच्या एक वयस्कर बाई बोलत होत्या. घरी एकोणऐंशी सालची फियाट आहे, इंजिन अडखळतंय, येऊन लावून द्याल का. गाडी इकडं पाठवा म्हटलं तर म्हणाल्या, "ती बाहेर निघत नाही हो. तुम्हालाच यावं लागेल."

मला वाटलं टायर बसले असतील. स्कूटरवर मागं सविताला घेतलं, पायाशी हत्यारांची पिशवी ठेवली आणि साडेआठला तिथं पोचलो. नदीच्या बाजूला एक साधा, एकमजली बंगला होता. गॅरेजचं दार काही दिसेना.

"त्या भिंतीमागं आहे," दमयंतीबाई म्हणाल्या. मग त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरातून आत नेलं. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून दोन पायऱ्या उतरल्या की गॅरेज. अकरा वर्षांपूर्वी पुढचा रस्ता कमरेइतका वर आला. पावसाचं पाणी आत शिरू लागलं, तेव्हा त्यांनी शटर काढून तिथं वीट-सिमेंटची भिंत बांधून घेतली. गाडी आतच राहिली.

"इकायची तरी तव्हाच," मी म्हणालो.

"ह्यांना विकायची नव्हती." हे म्हणजे त्यांचे यजमान, शामकांत मास्तर. गणित शिकवायचे. भिंत बांधल्यावरही रोज नऊ वाजता गाडीत जाऊन बसायचे, पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे आणि बंद करून चहाला वर यायचे. गेल्या दिवाळीनंतर ते वारले.

"मग आता कोन चालू करतं?"

"नऊला चावी मी फिरवते. बाकी मला काही येत नाही. पण हल्ली आवाज फार वाईट येतो. घरात बसवत नाही मला." बाईंचे डोळे भरून आले होते, म्हणून मी पुढं काही विचारलं नाही. माणसं मेलेल्याच्या चपलासुद्धा दाराशी तशाच ठेवतात.

गॅरेज म्हणजे गाडीच्या मापाची खोली होती. ड्रायव्हरच्या बाजूला भिंत इतकी जवळ, की ते दार उघडायचा प्रश्नच नव्हता. डावीकडं माणूस आडवा होऊन सरकेल एवढी जागा. वर एक ट्यूबलाइट आणि एक झरोका. सायलेन्सरला जाड पाइप जोडून तो झरोक्यातून बाहेर काढलेला होता. मी तो आधी नीट तपासला. बंद खोलीत इंजिनाचा धूर माणूस गुपचूप मारतो, हे मला ठाऊक आहे.

३

तासभर मी एकट्यानंच काम केलं. प्लग साफ केले. कार्बोरेटर उतरवून पेट्रोलच्या बारीक भोकांचे जेट फुंकले. डेल्को, म्हणजे चारही प्लगना पाळीपाळीनं करंट वाटणारा डबा, उघडून त्यातले पॉइंट पॉलिश पेपरनं घासले आणि गेजचं पातं घालून त्यांच्यातलं अंतर बसवलं. मग सविताला बस म्हणालो. ती डाव्या दारातून शिरली आणि लांब सीटवरून सरकत स्टेअरिंगमागं गेली. दार मीच बाहेरून लावलं, कारण ते उघडं राहिलं तर मला उभं राहायला जागा नव्हती. तिनं चावी फिरवली. पहिल्याच सेल्फला इंजिन लागलं.

एक ठोका दिला. रेस आली.

आली ती अशी, की मी पान्हा हातात धरून तसाच उभा राहिलो. धसका नाही, किंचाळणं नाही. इंजिन सावकाश चढलं, मला हवं होतं तिथं थांबलं आणि तिथंच राहिलं. दोन ठोके दिले. तितक्याच सावकाश उतरलं.

बावीस वर्षांनी बाईला पाय सापडला, असं मनात आलं. कौतुकाचा शब्द बोलावा असंही वाटलं. पण सवय नाही, म्हणून बोललो नाही.

पेट्रोल-हवेच्या मिक्स्चरचा स्क्रू आत घेत गेलो, इंजिन बुडायला लागलं तसा बाहेर सोडला. ठोका, रेस. दोन ठोके, खाली. कामाची अशी लय मला कधी लागली नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर कार्बोरेटरची दांडी होती. आत पेडल दाबलं की ही दांडी ओढली जाते. पाचव्या की सहाव्या वेळी मी ठोका द्यायला पान्हा उचलला आणि दांडी हलली. पान्हा अजून मडगार्डला लागला नव्हता.

इतकी वर्षं एकत्र काम केलंय, तिला अंदाज आला असेल. मी स्वतःला असं सांगितलं आणि ते मला पटलंही.

मग मी मुद्दाम थांबलो. पान्हा खाली ठेवला आणि स्क्रू पाव आटा जास्त सोडला. ताबडतोब दोन छोट्या, कोरड्या रेस आल्या. नाही, नाही, असं कुणी म्हणावं तशा. स्क्रू परत घेतला. इंजिन शांत झालं. डेल्को केसभर डावीकडं फिरवला. परत दोन रेस. उजवीकडं फिरवला. गप्प.

चूक मला ऐकू यायच्या आधी आतल्या पायाला कळत होती. सविताला मिश्रण आणि टायमिंगमधलं ओ की ठो कळत नाही.

४

दमयंतीबाई चहाचा ट्रे घेऊन पायरीवर उभ्या होत्या. त्यांच्या जागेवरून गाडीची डावी बाजू दिसत होती.

"मिस्त्री," त्या शांतपणे म्हणाल्या, "त्या बाई केव्हाच्या काचेवर थापा मारताहेत."

मी तीन ठोके दिले. इंजिन चालूच राहिलं. पान्हा टाकला आणि भिंतीला पाठ घासत दारापाशी गेलो.

सविता सीटवर पाय वर घेऊन बसली होती. गुडघे छातीशी, साडीचा काठ मुठीत. काढलेली चावी तिच्या हातात होती. काच वरून बोटभर उघडी होती, तिथं मी तोंड नेलं.

"आवं, माजा पाय पोचत न्हाई," ती म्हणाली. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. "सीट लई मागं हाय, अडकलीया. एकदाबी पोचला न्हाई. मी कव्हाची सांगतीय."

"मंग रेस कोन देतंय?"

तिनं खाली पाहिलं. मीही काचेला कपाळ लावून खाली पाहिलं. स्टेअरिंगखाली अंधार होता. त्या अंधारात पेडल सावकाश खाली गेलं, तिथं थांबलं आणि सावकाश वर आलं. वर येता येता किंचित थरथरलं. वय झालेल्या माणसाचा पाय तसाच थरथरतो.

५

हँडल फिरत होतं, पण दार हलत नव्हतं. जुन्या गाडीचं दार अडकतं. कुलूप गंजतं, बिजागरी बसते. तर्क असा धावत होता, आणि हात बेभान होऊन हँडल ओढत होते.

पुढं जाऊन कॉइलची वायर उपटली. करंट नाही तर इंजिन नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. इंजिन चाललंच. आत कार्बन तापून लाल झाला की करंटाशिवायही चार-दोन फेरे होतात. मी फेरे मोजू लागलो. चाळीसनंतर मोजायचं सोडलं.

काच फोडायला पान्हा घेऊन दाराकडं निघालो तर इंजिन चढायला लागलं. एकेक पाऊल पुढं टाकलं तसं आणखी चढलं. खोली थरथरायला लागली, झरोक्यातला पाइप निसटून खाली पडला आणि काळा धूर आत यायला लागला. सविता दोन्ही कान दाबून वाकली. मी थांबलो. एक पाऊल मागं घेतलं. आवाज उतरला. बोनेटपाशी गेलो तेव्हा तो अगदी हलका झाला. आत जो कुणी होता, तो माझी वाट बघत होता.

"ह्यांना अर्धवट काम चालत नसे," दमयंतीबाई पायरीवरून म्हणाल्या. त्यांनी पदर नाकाला लावला होता. "मुलं वर्गातून सुटायची नाहीत गणित सुटेपर्यंत. पूर्ण करा, मिस्त्री. दार होईल मोकळं."

मला त्या बाईचा संताप आला. पण माझं माणूस आत होतं. पाइप परत झरोक्यात कोंबला, वायर जोडली आणि पुन्हा स्क्रूला हात घातला. पाय सांगत गेला तसं करत गेलो. जास्त, कमी, अजून थोडं कमी. मला आयुष्यात कुणी असं शिकवलं नव्हतं. इतक्या भीतीतही कान ऐकतच होता, हे कबूल केलं पाहिजे. शेवटी एका जागी चारही सिलिंडर एकमेकांत मिसळले. झाकणावर पाण्याचा पेला ठेवला असता तरी पाणी हललं नसतं.

इंजिन आपोआप बंद पडलं. दार आतल्या अंगानं खुट्ट वाजलं आणि बोटभर उघडलं. मी सविताला दंडाला धरून ओढून काढलं. चहा तसाच राहिला.

६

त्या रात्री मी तिला धूर डोक्यात गेला होता असं समजावलं. धुरानं माणसाला भास होतात. दोघांना एकच भास कसा होईल, ते तिनं विचारलं नाही.

घरी ती पहिल्यासारखीच होती. भाकरी करायची, दळण आणायची. माझं मात्र कामात लक्ष लागेना. गाडीत तिला बसव म्हणायची हिंमत होत नव्हती. चौथ्या दिवशी जेवताना तीच म्हणाली, "एक सांगू? सुरवातीला लई भ्यायले. नंतर न्हाई."

"का?"

"कुनीतरी शिकवत हुतं. पेडल कसं सावकाश दाबायचं, कसं सोडायचं. परत परत दाखवत हुतं." तिनं ताटात बोट फिरवलं. "वरडत न्हवतं."

चूक झाली माझी, बावीस वर्षं चूक झाली, हे तेव्हाच म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "येडी हायस का तू," आणि हात धुवायला उठलो.

आठव्या दिवशी सकाळी उठलो तर घरात ती नव्हती. शेजारच्या भीमाबाईंनी तिला सातच्या एसटीत बसताना पाहिलं होतं, कोपरगावच्या. मी फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

"आल्यात की," दमयंतीबाई म्हणाल्या. "कालही आल्या होत्या, परवाही. तुम्हाला बोलल्या नाहीत? आज जरा आवाज परत अडखळतोय. तुम्ही या बरं."

काल आणि परवा मी वर्कशॉपमध्ये होतो. संध्याकाळी घरी गेलो तेव्हा ती चुलीपुढं बसलेली होती, त्यामुळं मला काहीच वाटलं नव्हतं.

७

पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. दमयंतीबाई नवी साडी नेसल्या होत्या. त्या मला थेट गॅरेजमध्ये घेऊन गेल्या. इंजिन चालू होतं आणि खरंच अडखळत होतं. सविता स्टेअरिंगमागं बसलेली होती. दार आधीसारखंच, हँडल फिरतंय आणि हलत नाही.

काच फोडायचा विचार मी केला नाही. धूर आठवत होता. दार कशानं उघडतं ते मला माहीत होतं, आणि ते मलाच येत होतं. इंजिन लावायचं, दार उघडेल, तिला घेऊन जायचं, आणि राहात्यातून कायमचं कुठंतरी लांब जायचं, तिच्या माहेरी म्हणा. जाताना सगळ्यात आधी तिची माफी मागायची, असंही मी ठरवलं.

बोनेट उघडलं. ठोका दिला, रेस आली. सावकाश, चोख. पॉइंट बसवले, स्क्रू लावला, डेल्को फिरवला. या वेळी चुका फार झाल्या नाहीत, हात शिकले होते. वीस मिनिटांत आवाज त्या जागी आला. मागच्यापेक्षा सरस आला. चार सिलिंडर आहेत हे कळू नये इतका एकसंध. मी पान्हा खाली ठेवून खुट्ट आवाजाची वाट पाहिली.

आवाज झाला नाही. इंजिनही थांबलं नाही.

दारापाशी गेलो. हँडल ओढलं, दोन्ही हातांनी ओढलं, पाय लावून ओढलं. काचेतून आत पाहिलं. सीट होती तिथंच होती, अगदी मागं. सविता तिला पाठ टेकून आरामात बसली होती आणि तिचा पाय पेडलवर होता. पूर्ण तळवा टेकलेला. माझ्या बायकोचा पाय इतका लांब नाही. साडीच्या काठाखाली मला घोट्यापर्यंत दिसलं आणि पुढं मी पाहिलं नाही.

"सविते," मी म्हणालो. "चल घरी. माजं चुकलं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. ओळखीनं पाहिलं, जरा हसलीसुद्धा. मग मान तिरकी करून इंजिनाकडं कान लावला आणि बोट ओठांवर ठेवलं.

"मला कधी जमलंच नाही हो त्यांच्या मनासारखं," मागून दमयंतीबाई म्हणाल्या. "किती वर्षं शिकवलं. ह्या बाईंना जमतंय." त्यांच्या आवाजात हेवा नव्हता. दगड उतरवून ठेवलेल्या माणसाचा आवाज होता. मग त्या पायऱ्या चढून वर गेल्या. घराचं पुढचं दार बाहेरून लागल्याचा आवाज आला.

मी परत बोनेटखाली आलो. काहीतरी चुकत असणार, माझ्याकडूनच चुकत असणार, त्याशिवाय दार बंद राहणार नाही. एखादा जेट, एखादा पॉइंट, कुठंतरी केसभर. ते सापडलं की दुरुस्त करता येईल. स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावली आणि पहिल्या सिलिंडरपासून सुरुवात केली. मग दुसरं, मग तिसरं, मग चौथं. मग परत पहिलं.

दुपार झाली. मी अजून ऐकतोय. आवाजात कुठंही चूक नाही.